मालकीण दिसली की सुरू होणारा ट्रक

ट्रकचा फीड पंप मुठीत मावतो. दोन बोल्टवर लटकलेला असतो आणि त्याचं काम म्हणाल तर एवढंच, की टाकीतलं डिझेल ओढायचं आणि इंजिनाच्या मोठ्या पंपाकडे ढकलायचं. पण हा रुसला की खडीने काठोकाठ भरलेला ट्रक जागचा हलत नाही. ड्रायव्हर खाली उतरून टायरवर लाथ मारतो. टायरचा त्यात काहीही दोष नसतो.

या मुठीएवढ्या वस्तूवर माझं घर चाललं, मुली शिकल्या आणि माझे केस पिकले. आमच्या अंकाचे संपादक म्हणाले, "काका, तुमच्या धंद्यावर लिहा, दिवाळीत लोकांना वेगळं वाचायला आवडतं." मी म्हटलं, लोकांच्या बोटांना चकलीचं तेल असतं, त्यात माझं डिझेल कशाला? पण ते ऐकेनात. तेव्हा वाचताना वास आला तर दोष त्यांचा.

मी शमुवेल. पनवेलच्या ट्रकवाल्यांमध्ये सामूमिस्त्री. आम्ही कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी आमच्या लोकांचे गावोगाव तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. पुढे सगळे शिकले, कचेऱ्यांत गेले, निम्मेअधिक इस्रायलला गेले. माझा थोरला भाऊ बँकेत अधिकारी झाला. मी एकटा परत तेलात पडलो, तेही डिझेलच्या. शनिवारी माझं दुकान अजून बंद असतं. ड्रायव्हर लोकांना हे इतकं पाठ आहे की शुक्रवारी दुपारी माझ्या दारात रांग लागते.

पनवेलला या धंद्याला मरण नाही. पुण्याचा रस्ता इथून, गोव्याचा इथून, उरणच्या बंदराचा इथून. घाट चढून आलेला, घाट चढायला निघालेला, असा प्रत्येक ट्रक एकदा इथे धापा टाकतो. आता नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आला. त्या बिघडल्या की लॅपटॉप लावतात आणि लॅपटॉप सांगतो तेवढंच करतात. पण खडी, माती, विटा वाहणारे जुने ट्रक अजून आहेत आणि ते माझ्याकडे येतात, कारण त्यांची भाषा समजणारे आता मोजकेच उरलेत.

या जुन्या गाड्यांची मोठी पंचाईत म्हणजे पार्ट. कंपनीने गाडी बनवणं बंद केलं की काही वर्षांत तिचे पार्ट बनवणंही बंद होतं. मग उरतो तो लोकल माल. बाहेरच्या माणसाला लोकल आणि डुप्लिकेट एकच वाटतं, पण तसं नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा खोका घालून आलेला चोर. लोकल म्हणजे कुठल्या तरी औद्योगिक वसाहतीत एखाद्या गाळ्यात स्वतःच्या नावाने बनवलेला. त्यातला एक सोन्यासारखा निघतो आणि त्याच खोक्यातला दुसरा चार दिवसांत मान टाकतो. त्यामुळे लोकल पंप विकत घेणं आणि मुलीला परगावी देणं, दोन्हींत चौकशी करावी तेवढी थोडीच.

माझी चौकशी तोंडाने चालते. पंपातला छोटा वॉल्व्ह डिझेलमध्ये बुडवायचा, ओठाला लावायचा आणि ओढायचा. ओठाला चिकटून लोंबला तर चांगला, सुटला तर भंगार. चाळीस वर्षं मी असं डिझेल चाखतोय. आमच्या घरात सकाळी कॉफी झाली की बायको म्हणायची, "आता जा, तुमचं खरं पेय घ्यायला."

गिऱ्हाइकंही एकेक नग. कर्जतकडचा एक ट्रॅक्टरवाला आपला पंप गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने आला होता. बाजूच्या बाईने बाळ समजून त्याला खिडकीची जागा दिली. कामोठ्याचा एक कंत्राटदार दर वेळी येऊन म्हणायचा, "सगळ्यात स्वस्त द्या, पण कंपनीचाच द्या." त्याला मी दर वेळी चहा देत असे, कारण त्याच्या मागणीत बसणारी तेवढीच वस्तू माझ्याकडे होती.

आणि माझी स्वतःची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. आमच्या धंद्यात ट्रक दुकानात येत नाही. ड्रायव्हर किंवा फिटर पंप सोडवतो, पिशवीत घालून आणतो, मी तो टेस्ट बेंचवर चढवतो. बेंच म्हणजे पंप फिरवून त्याचा जोर मोजणारं यंत्र. डॉक्टरकडे माणसाऐवजी नुसतं काळीज पाठवावं, तशातला हा प्रकार. बेंच म्हणालं चांगला, की पंप चांगला. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे, माणूस खोटं बोलेल, बेंच बोलणार नाही.

बेबीताईंचा ट्रक माझ्याकडे आला तो असाच, पिशवीतून.

बेबीताई उरणच्या बाजूच्या आगरी. घरचं मिठागर होतं, ते गेलं, त्याच्या जागी दोन ट्रक आले. नवरा वारल्यावर लोकांना वाटलं, बाई ट्रक विकतील. बाईंनी पदर खोचला आणि खडीचं काम हातात घेतलं. आवाज असा की खाणीतल्या क्रशरच्या वर ऐकू यायचा. त्यांच्या जुन्या ट्रकवर उस्मानभाई ड्रायव्हर. मूळचे म्हसळ्याचे, पंचावन्नच्या पुढचे, दाढी पांढरी, शर्ट कायम इस्त्रीचा. खडीच्या ट्रकवर इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. ताई त्यांना भाई म्हणायच्या आणि ईदला शिरकुर्मा खायला त्यांच्या घरी जायच्या.

मूळ पंप झिजून गेला होता, त्याला वीस वर्षं झाली होती, त्यात नवल नव्हतं. कंपनीचा मिळेना. मी लोकल दिला. तो चौथ्या दिवशी गेला. खोलून पाहिला तर आतला प्लॅस्टिकचा वॉल्व्ह डिझेल पिऊन भजीसारखा फुगलेला. मी त्या बनवणाऱ्याला चार शिव्या घातल्या आणि दुसऱ्या बनावटीचा पंप दिला. या वेळी आतले वॉल्व्ह माझ्या ओठाने तपासून.

तिसऱ्या दिवशी उस्मानभाई परत दारात. "मिस्त्री, गाडी रस्त्यात बंद पडली."

बेंचवर लावला. ठीक चालला. तरी संशय नको म्हणून मी तिसरा पंप दिला, तो आधी बेंचवर अर्धा तास पळवून. दोन दिवसांनी ट्रक पुन्हा रस्त्याच्या कडेला उभा.

आता पिशवी घेऊन ताई स्वतः आल्या. उस्मानभाई त्यांच्या मागे. माझ्या दुकानासमोरच ट्रकचा स्टँड, त्यामुळे तिथले दोघे-तिघे ड्रायव्हरही काही मजा दिसेल म्हणून दारात येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, यो तिसरा पंप हाय. तुमी बोलता चांगला, मंग गारी थांबते कशी?"

मी पंप बेंचवर चढवला. सुई जिथे हवी तिथे. मी विचारलं, "बंद पडली की मग परत चालू कशी होते?"

ताई म्हणाल्या, "त्योच तं माजा सवाल हाय! यो फोन करतो, गारी बंद परली. मी रिक्षा करून जाते. मी गेली का धा मिंटात गारी चालू. मी नाय तं बंद, मी आली का चालू. आनि टाकी फुल आसली का लवकर बंद परते. आरदी आसली का दिसभर पलते. ह्याला काय म्हनायचा?"

उस्मानभाई खाली मान घालून उभे होते. ताईंनी पुढचं सांगितलं. मधे स्टँडवर दोन गाड्यांतलं डिझेल चोरीला गेलं होतं. म्हणून ताईंनी बाजारातून कुलपाचं झाकण आणून टाकीला बसवलं होतं आणि चावी स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली होती. डिझेल भरायला त्या स्वतः जात. त्यांचा अंदाज असा, की ड्रायव्हरला डिझेल काढून विकायला चावी हवी आहे. रोज रस्त्यात नाटक करायचं, मालकिणीला रिक्षाने पळवायचं, म्हणजे एक दिवस कंटाळून ती चावी त्याच्या हातात देईल. आणि टाकी भरलेली असली की नाटकाला हुरूप जास्त.

मी बेंचच्या सुईकडे पाहिलं. बेंच म्हणत होतं, पंप चांगला. आणि मी, ज्याने आयुष्यभर पंपांशिवाय कशावर मत दिलं नाही, तो मी म्हणालो, "ताई, पंपात दोष नाही. जी गाडी मालकीण दिसली की सुरू होते, तिचा दोष पंपात शोधू नका."

हे वाक्य मी दारातल्या लोकांकडे बघत म्हटलं. ते हसले. मलाही, खरं सांगतो, जरा बरं वाटलं. उस्मानभाईंनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते निघून गेले. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

दुपारपर्यंत वाक्य स्टँडभर झालं. दुसऱ्या दिवसापासून उस्मानभाई दिसले की कोणीतरी ओरडायचं, "काय भाई, आज नाटकाचा कितवा प्रयोग?" स्टँडवरच्या चहाच्या टपरीपुढे एक लांब बाकडं आहे. त्यावर उस्मानभाई रोज बसायचे. ते बसायचे बंद झाले. चहा केबिनमध्ये मागवून, काच वर करून प्यायचे. ताईंनी त्यांना 'भाई' म्हणणं सोडलं. शनिवारपर्यंत सुधार, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघते, असं बजावलं.

बुधवारी उस्मानभाई माझ्याकडे आले. हातात पिशवी नव्हती.

"मिस्त्री, तुम्ही मला नाटक करताना पाहिलंत?"

मी म्हटलं, "नाही."

"मग बोललात कसे?"

मी बेंचकडे हात केला.

"बेंचवर मी नव्हतो ना बसलो," ते म्हणाले. "नोकरीचं मला काय नाय. एक जाईल, दुसरी मिळेल. पण नाटक्या म्हणून इथून गेलो ना, तर पनवेल ते महाड कोणी आपल्या गाडीची चावी देणार नाय मला. तीस वर्षांची इज्जत आहे, मिस्त्री. एक दिवस माझ्यासोबत बसा. बस्, एवढंच मागतो."

चाळीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. गुरुवारी सकाळी दुकानाला कुलूप लावलं, दोन पाने आणि एक फडकं घेतलं आणि ट्रकमध्ये चढलो.

ताईंनी समोर उभं राहून टाकी काठापर्यंत भरली, कुलूप लावलं, चावी गळ्यात टाकली आणि मला म्हणाल्या, "बगा, तुमीच बगा आता." आम्ही गोवा रस्त्याला लागलो. मागे खडी होती. उस्मानभाई गाडी अशी चालवत होते की बाजूच्या माणसाला चहा सांडायची भीती नको. शिरढोण मागे पडलं. कर्नाळ्याचा चढ लागला आणि इंजिनाने एक आचका दिला, मग दुसरा. उस्मानभाईंनी गाडी कडेला घेतली. ती तिथेच विझली.

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि माझ्यासमोर धरले. "बघा मिस्त्री. माझे हात बघा."

ते फोन करून ताईंना बोलवत होते, तोवर मी खाली उतरलो. फीड पंपावर एक छोटा हातपंप असतो. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की ती काढायला तो वर ओढून खाली दाबायचा. मी तो वर ओढला. जड लागला. सोडला, तर तो आपोआप सर्रकन परत आत गेला. पुन्हा ओढला, पुन्हा आत. पलीकडून कोणीतरी खेचत होतं.

हे बेंचवर कधी दिसलं नसतं. बेंचवर टाकी नसते, उघडा डबा असतो.

मी टाकीकडून येणारा पाइप पान्याने सैल केला. फुस्स झालं आणि टाकीच्या पोटातून आवाज आला. गुडगुड, गुडगुड, थांबेचना. मी टाकीला कान लावला. रस्त्यावरून जाणारे लोक बघत होते की हा म्हातारा टाकीला मिठी मारून काय करतोय. टाकी हवा आत घेत होती.

"उस्मानभाई," मी ओरडलो, "ताई आल्या की पहिलं काय करतात?"

"पहिलं काय करणार? कुलूप खोलतात. झाकण काढून काठी घालतात, डिझेल बघतात."

"आणि मग?"

"मग मी सेल्फ मारतो. चालू होते."

मी त्या झाकणावरून बोट फिरवलं. चकचकीत, नवं कोरं, जाड, आणि सगळीकडून बंद. मूळ झाकणाला सुईएवढं भोक असतं. इंजिन जेवढं डिझेल पितं तेवढी हवा त्या भोकातून टाकीत येते. या लोकल झाकणाच्या कारागिराने कुलूप झकास बसवलं होतं आणि भोक पाडायचं विसरला होता. टाकीतून डिझेल जायचं, त्याच्या जागी हवा यायची नाही. टाकी ओढून धरायची, इकडे पंप ओढायचा. भरलेल्या टाकीत वर हवा नसतेच, म्हणून ती लवकर हटून बसायची. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून दिवसभर पळायची. आणि ताई येऊन डिझेल चोरीला गेलं का ते बघायला झाकण उघडायच्या, की टाकी मोकळी.

म्हणजे खराब पार्टच होता. फक्त मी तो पंपात शोधत होतो आणि तो टाकीवर बसला होता.

मला तिथे रस्त्यात नाचावंसं वाटलं. वय पाहून नाचलो नाही. पाइप आवळला, हातपंपाने हवा काढली. आता दांडा वर ओढला की वरच राहत होता. "मारा सेल्फ!" इंजिनाने पहिल्या झटक्यात गर्जना केली. झाकणाला अजून कुलूप होतं. चावी अजून रिक्षात होती.

उस्मानभाई केबिनमधून खाली आले. त्यांना कारण कळलं नव्हतं, पण चावीशिवाय गाडी चालू झाली एवढं कळलं होतं. त्यांनी माझे दोन्ही तेलकट हात धरले आणि त्या इस्त्रीच्या शर्टाला काळे पट्टे लागले तरी सोडले नाहीत.

रिक्षा आली. ताई चावी हातात घेऊनच उतरल्या आणि चालू ट्रक बघून थबकल्या. "चालू कशी झाली? कोनी खोलली टाकी?"

"कोणी नाही. कुलूप बघा." मी विचारलं, "ताई, घरी तेलाचा मोठा डबा आणला की त्याला भोकं किती पाडता?"

"दोन," ताई म्हणाल्या. "येक पारला तं त्याल भाईर परत नाय, आतल्या आत आडून..."

आणि त्या थांबल्या. त्यांची नजर झाकणावर गेली. चार पिढ्या तेल गाळणाऱ्या घराण्यातल्या मला जे कळायला तीन पंप लागले, ते त्या बाईला अर्ध्या वाक्यात कळलं.

त्यांनी कुलूप उघडलं, झाकण उलटं केलं, आतलं रबर बघितलं, बाहेरून बघितलं. भोक नव्हतं. त्यांचा तो क्रशरवरचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं. "म्हंजी मीच बंद करीत होती गारी. आनि मीच चालू करीत होती." मग उस्मानभाईंकडे न बघता म्हणाल्या, "भाई, मना कला नाय रं."

उस्मानभाई म्हणाले, "ताई, मलाही नाय कळलं. पण मी तुमच्यावर आळ नव्हता घेतला."

ताईंनी पदर डोळ्याला लावला.

माझ्या दुकानात येऊन आम्ही त्या झाकणाला बारीक भोक पाडलं. ड्रिल उस्मानभाईंनी मागून घेतलं. मी दिलं. चाळीस वर्षांतली माझी ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती, आणि ती केली गिऱ्हाइकाने. काम झाल्यावर मला वाटलं, विषय संपला. उस्मानभाई मात्र फडक्याला हात पुसत म्हणाले, "मिस्त्री, भोक आपण तिघांनी बघितलं. स्टँडने नाय."

रात्री मला ते वाक्य झोपू देईना. आमच्या धंद्यात मिस्त्री आपली चूक गिऱ्हाइकासमोर कबूल करत नाही. पार्ट खराब होता म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चारचौघांत बोललात ना? मग चारचौघांत जा."

शुक्रवारी सकाळी ताईंनी टाकी परत काठापर्यंत भरली. ट्रक स्टँडवर उभा होता, माणगावच्या साइटवर जायला. टपरीपुढे वीसेक ड्रायव्हर होते. त्या दिवशी माझ्या दारात उभे राहून हसलेले तिघेही होते. मी ते झाकण हातात घेऊन बाकड्यापाशी गेलो.

"ऐका जरा," मी म्हटलं. "उस्मानभाई नाटक करतात असं मी बोललो होतो. ते खोटं होतं. गाडी या झाकणाने बंद पडत होती. मी गाडी न बघता बोललो. चूक माझी."

मग त्या तिघांतला एक म्हणाला, "मिस्त्री, झाकणाने कुठं ट्रक बंद पडतो?"

त्यावर ताई पुढे आल्या. "परतो! मी लावलेल्या झाकनानं परला. आयकता का सगले? माज्या मानसाला मी चोर ठरवला. आज टाकी फुल्ल हाय, तुमच्या डोल्यापुडं भरली हाय. भाई मानगावला चालला. मी हितंच बसते, चावी घेऊन. रस्त्यात थांबला तं बोला मना काय बोलायचा त्यो."

त्यांनी माझ्या हातातलं झाकण टाकीला लावलं, कुलूप घातलं आणि त्या खरंच बाकड्यावर बसल्या. उस्मानभाईंनी गाडी काढली. मी दुकान उघडलं, पण एकाही पंपाला हात लागला नाही. कर्नाळ्याच्या चढाची वेळ झाली. ताईंचा फोन बाकड्यावर पडून होता. वाजला नाही. पेण येऊन गेलं असेल. वाजला नाही. वडखळ. स्टँडवरचे लोक गाड्या भरायच्या सोडून फोनभोवती घोटाळत होते. सगळ्यांत जास्त कोण, तर तो झाकणावर शंका घेणारा. "रेंज नसेल," तो म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

दुपार व्हायच्या आत फोन वाजला. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, माणगाव. खडी खाली केली."

"रस्त्यात कुटं थांबला?"

"थांबलोच नाय ताई. चहालासुद्धा नाय."

स्टँडवर जो गलका झाला तो मी शब्दांत काय सांगू? एकाने हॉर्न दाबला, बघता बघता सगळ्यांनी दाबला. तो शंकेखोर फोनजवळ तोंड नेऊन ओरडला, "भाई, परत या, चहा माझ्याकडून!"

उन्हं कलायच्या आत ट्रक स्टँडवर आला. उस्मानभाई उतरले. माझ्या हातांचे काळे पट्टे लागलेला कालचाच शर्ट त्यांनी मुद्दाम घातला होता. ते टपरीकडे चालू लागले, आणि बाकड्यावर बसलेले लोक एकेक करून सरकले, बाकड्याच्या अगदी मध्यावर जागा झाली. ते बसले. चहा आला.

मी जरा लांब उभा होतो. माफी मागायला पुढे झालो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नको मिस्त्री. खोटं ज्यांच्यासमोर बोललात, खरंही त्यांच्याचसमोर बोललात. माणसं तीच ठेवलीत. माझं काम झालं."

मग ते थोडे आणखी सरकले आणि बाकड्यावर हाताने थाप मारली. मी त्यांच्या बाजूला बसलो.